सेलिम दूध प्यायला

‘सेलिम दूध प्यायला आणि झोपायला गेला.’ या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, ऱ्हस्व-दीर्घाची नाही, आणि कुणाच्या भावना दुखावतील असंही त्यात काही नाही. तरीही ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ या जपानी कथेवर फॅन फिक्शन लिहिणाऱ्याला हे वाक्य लिहायचं तर आधी एका खटल्याचा निकाल लावावा लागतो. सेलिम हा अमेस्ट्रिस नावाच्या देशाच्या सत्ताधीशाचा, म्हणजे किंग ब्रॅडलीचा, लहानगा मुलगा. (किंग हे ब्रॅडलीचं नाव आहे, हुद्दा नव्हे, हुद्दा लष्करशहाचा आहे.) टीव्हीसाठी बनवलेल्या २००३ सालच्या अ‍ॅनिमेत हा सेलिम म्हणजे साधं, गोड पोर. बाबांनी तिजोरीत जपून ठेवलेली वस्तू त्यांना अडचणीच्या वेळी उपयोगी पडेल म्हणून तो धावत आणून देतो. ती वस्तू नेमकी बाबांच्याच जिवावर उठणारी निघते आणि बाबा त्याचा गळा दाबतात. हिरोमु अराकावा यांच्या मूळ मांगात, म्हणजे चित्रकथेत, मात्र हेच पोर म्हणजे सगळ्या होमुनक्युलसांमधला, म्हणजे किमयेनं घडवलेल्या माणसांमधला, पहिला आणि थोरला. त्याच्या सावलीला डोळे आणि दात आहेत. उजेड असेल तिथवर ती पसरते, मिट्ट काळोखात तिचं काही चालत नाही. म्हणजे एका आवृत्तीत दूध पिऊन झोपायला गेलेल्या मुलाची वाचकाला कीव येते, तर दुसरीत ब्रॅडलीबाईंनी दिवा मालवला की नाही हे वाचक श्वास रोखून बघतो. त्यातही मांगाच्या शेवटी याच सेलिमचं सगळं भयंकरपण गळून पडतं आणि ब्रॅडलीबाई त्याला पहिल्यापासून वाढवू लागतात. तेव्हा दूध पुन्हा नुसतं दूध होतं. एक पेला, तीन अर्थ, आणि लेखक बिचारा अजून पहिल्याच ओळीवर.

हा घोटाळा होतो कसा, तर पंगतीत होतो तसाच. मांगाचा लेखक आत एकटा पुऱ्या लाटत असतो. कुणी आठवड्याला एक प्रकरण देतो, कुणी महिन्याला. अराकावांची कथा २००१ ते २०१० अशी मासिकातून येत होती. अ‍ॅनिमेची पंगत बाहेर बसलेली, दर आठवड्याला पान मांडलेलं, आणि एका भागात प्रकरणांचा फडशा पडणारा. पुऱ्या संपल्या की वाढप्यापुढे दोनच वाटा उरतात: एकतर कोशिंबीर आणि मठ्ठा फिरवत राहायचं, नाहीतर आचाऱ्याची परवानगी घेऊन स्वतःच कढई चढवायची. बोन्स स्टुडिओनं दुसरी वाट धरली. मांगाचे २७ खंड व्हायचे होते, त्यातले थोडेच बाहेर आले असताना त्यांनी ५१ भागांची मालिका सुरू केली आणि अराकावांच्या संमतीनं शेवट आपला आपण रचला. मग मांगा संपत आल्यावर २००९ मध्ये त्याच स्टुडिओनं ६४ भागांची ‘ब्रदरहुड’ काढली, ती मांगाच्या मागोमाग चालणारी. झालं, एका घराण्याच्या दोन वंशावळी तयार झाल्या. आपल्याकडे षड्रिपू सहाच आहेत, त्यांच्याकडे पापं सात, आणि प्रत्येक पापाच्या नावाचा एकेक होमुनक्युलस. पण २००३ मध्ये मद म्हणजे ब्रॅडली आणि क्रोध म्हणजे एक रानटी पोरगा. मांगात क्रोध म्हणजे ब्रॅडली आणि मद म्हणजे सेलिम. आळस तर एकीकडे नायकाच्या मेलेल्या आईचं रूप घेऊन लष्करशहाची चिटणीस होतो आणि दुसरीकडे कंटाळत कंटाळत भुयार खणणारा अजस्र गडी असतो. ‘क्रोध रडू लागला’ एवढं लिहिलं तरी कुणाचे डोळे पुसायचे हे आधी ठरवावं लागतं.

फॅन फिक्शनवाल्यांना विचारा, तुम्ही कुठली कथा प्रमाण धरता, कॅनन कुठलं मानता? उत्तर तत्त्वाचं मिळतं. कुणी म्हणतो, मूळ ते मूळ. कुणी म्हणतो, मी जे आधी पाहिलं त्याच्याशी इमान राखतो. कुणी दोन्हींचा तौलनिक अभ्यास केलेला असतो आणि तो ऐकायला बसावं लागतं. माझं म्हणणं असं, की ही तत्त्वं मागाहून येतात. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त कसा निघतो? आधी हॉलची तारीख मिळते, मग मामाच्या रजेचं बघतात, केटररला फोन होतो, आणि सगळं जमल्यावर गुरुजींना विचारतात. गुरुजी जाणते असतात. ते पंचांग उघडतात आणि मुहूर्त नेमका त्याच दिवशी निघतो. पंचांगाला कुणी खोटं म्हणत नाही, हॉलवालाही नाराज होत नाही. फॅन फिक्शनमध्ये हॉल म्हणजे लेखकाच्या मनातली इच्छा: अमक्याला जिवंत ठेवायचं, तमकीचं लग्न लावायचं, तिसऱ्याला पोटभर रडू द्यायचं. मांगा आणि अ‍ॅनिमे ही दोन पंचांगं. ज्याच्यात मुहूर्त सापडतो ते प्रमाण.

पुरावा बघू. एडवर्ड एल्रिक या नायकाचं विन्रीशी लग्न लावायचं असेल तर मांगाशिवाय गत्यंतर नाही. तिथे तो रेल्वेच्या फलाटावर, किमयेच्या देवाणघेवाणीच्या नियमाच्या भाषेत, तिला जवळजवळ हिशेब मांडल्यासारखी मागणी घालतो, आणि अखेरच्या फोटोत दोन मुलं दिसतात. २००३ ची वाट धरली तर हाच एडवर्ड आपल्या जगात येऊन पडतो. २००५ च्या चित्रपटात तो १९२३ च्या म्युनिकमध्ये आहे, विन्री दुसऱ्या विश्वात, आणि परतीचा रस्ता त्याने आपल्याच मर्जीनं बंद केलेला. विरहाचे भोक्ते साहजिकच इकडे गर्दी करतात. पण विरह स्वस्त पडत नाही. मांगावाल्याला फार तर किमयेची वर्तुळं पाठ करावी लागतात. म्युनिकवाल्याला जर्मनीचं अर्थकारण करावं लागतं. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते. तेव्हा ‘एडवर्डने कोपऱ्यावरून पाव आणला’ हे वाक्य लिहिताना नोटांची थप्पी कशात भरून नेली याचा विचार करावाच लागतो. शिवाय त्याच महिन्यात त्याच गावात एका बिअर हॉलमधून हिटलरचा उठावाचा प्रयत्न झाला, तो चित्रपटातही आहे. त्यामुळे नायकाला संध्याकाळी सहज एक पेला घ्यायला पाठवायचं तरी तारीख बघून पाठवावं लागतं. इतका अभ्यास माणूस तत्त्वासाठी करत नाही. मनासारखा विरह हवा असतो म्हणून करतो.

याहून पक्का पुरावा माएस ह्यूजचा. हा लष्करी अधिकारी, दिसेल त्याच्यासमोर आपल्या मुलीचे फोटो धरणारा, फोनच्या खोक्यात मारला जातो. मारेकरी त्याच्या बायकोचं रूप घेऊन समोर उभा राहतो आणि तेवढ्या क्षणभरासाठी ह्यूजचा हात थबकतो. मरण दोन्हीकडे आहे. पण २००३ मध्ये ते २५ व्या भागात येतं. तोवर तो आपल्या घरचा झालेला असतो, त्याच्या मुलीच्या जन्माच्या रात्री एल्रिक भाऊ त्याच्याच घरी असतात. ‘ब्रदरहुड’ला पुढे बराच पल्ला गाठायचा होता, म्हणून तिथे तो १० व्या भागातच जातो. आता गंमत बघा. जे लेखक ठणकावून मांगाचे, ज्यांना २००३ चं नाव काढलेलं खपत नाही, ते ह्यूजच्या अंत्यविधीनंतरची कथा लिहायला बसले की दुःख कुठून आणतात? पहिल्या २५ भागांतून आणतात. घटना मांगाच्या, हुंदका अ‍ॅनिमेचा. हे शेजाऱ्याशी अबोला धरून त्याच्याच कढीपत्त्याची फोडणी देण्यासारखं आहे, आणि त्यात मला काही वावगंही दिसत नाही. फोडणी चांगली बसते.

यावर मूळवादी खवळून उठतात, आणि त्यांचं म्हणणं वजनदार आहे हे मान्य करायला हवं. जपानीत मूळ कृतीला ‘गेन्साकु’ असा स्वतंत्र मानाचा शब्द आहे आणि मालिकेच्या नामावळीत तो लेखकाच्या नावासोबत झळकतो. ज्या बाईने किंवा बुवाने रात्री जागून माणसं निर्माण केली, त्यांनी सांगितलेलं खरं. बाकीची भाड्याची वाढपी मंडळी. ठीक. पण मग मूळवाद्यांनी एक करून दाखवावं: आपल्या कथेत कुणाच्याही केसांचा रंग लिहू नये. कारण मांगा छापतात काळ्या-पांढऱ्यात. ‘ड्रॅगन बॉल’मधल्या सुपर सैयानचे जगप्रसिद्ध सोनेरी केस मासिकाच्या पानावर म्हणजे कोरा कागद. त्याचे लेखक अकिरा तोरियामा यांनी स्वतःच सांगून ठेवलंय, की केस कोरे सोडल्याने दर वेळी काळी शाई भरण्याचं काम वाचलं. जगभरातल्या पोरांनी ज्याला दिव्य तेज समजून आरशासमोर मुठी आवळल्या, ते मुळात मदतनिसाच्या मनगटाला दिलेला आराम होता. मूळवादी म्हणतील, मुखपृष्ठं रंगीत असतात, मधूनमधून रंगीत पानंही असतात. असतात ना, तिथे ‘ड्रॅगन बॉल’मधल्याच बुल्माचे केस जांभळे आहेत, आणि अ‍ॅनिमेत निळे. आता मूळवाद्याच्या कथेत वाऱ्यावर भुरुभुरु उडणाऱ्या बुल्माच्या केसांचा रंग तपासा. बरेचदा निळा निघतो. आवाजाचंही तेच. पात्र ‘घोगऱ्या आवाजात’ बोललं असं लिहिणाऱ्याने तो आवाज कागदावर ऐकलेला नसतो.

आणि मूळ लेखकाची स्मरणशक्ती हा वेगळाच विषय. ‘ड्रॅगन बॉल’मध्ये लंच नावाची एक मुलगी होती. शिंक आली की भोळीभाबडी सोज्ज्वळ मुलगी जाऊन तिच्या जागी बंदूकधारी दरोडेखोरीण यायची, पुन्हा शिंकली की उलटं. एवढं झकास पात्र तोरियामा चक्क विसरून गेले, आणि तसं त्यांनी कबूलही केलं. ज्या माणसाने माणसांना खाण्यापिण्याची नावं ठेवली, त्याने लंचच विसरावं! अ‍ॅनिमेवाल्यांनी मात्र तिची थोडी लाज राखली. पुढच्या मालिकेत ती गुत्त्यात बसून आवडत्या तेनशिनहानच्या नावानं घोट घेताना दिसते. लंचवर जीव असलेल्या लेखकाने कुणाला प्रमाण मानावं, जन्म देऊन विसरलेल्याला की आठवण ठेवणाऱ्या वाढप्याला? उलट्या दिशेचा दाखला बार्डॉकचा. नायक गोकूच्या या बापाची कहाणी १९९० साली टीव्हीवरच्या खास भागातून आली. तोरियामांना ती इतकी भावली की त्यांनी त्याला उचलून आपल्या मांगात एका चौकटीत बसवलं. म्हणजे वाढप्याने केलेली कोशिंबीर आचाऱ्याने चाखली आणि स्वतःच्या ताटात घेतली. मग २०१४ मध्ये त्यांनी त्याच बार्डॉकची नवी, बरीच हळवी कथा लिहिली, आणि आता लेखकाच्याच सहीचे दोन बाप आहेत. मूळ ते मूळ हे सूत्र इथे कुठल्या बापाला लावायचं, हे गोकूलाही सांगता येणार नाही; अर्थात गोकूला बऱ्याच गोष्टी सांगता येत नाहीत.

कोशिंबिरीचा विषय निघालाच आहे तर भरताडाबद्दल बोलू, ज्याला ही मंडळी फिलर म्हणतात. ‘नारुतो’ची पहिली मालिका २२० भागांची. त्यातल्या १३५ व्या भागाच्या आसपास मांगातला मजकूर संपला, आणि पुढचे ८० च्या आसपास भाग वाढपी मंडळींनी मठ्ठ्यावर काढले. या भागांत कुणी मरू शकत नाही, कुणी वयानं वाढू शकत नाही, कुणी महत्त्वाचं काही शिकलंच तर पुढच्या आठवड्याला ते विसरायचं, कारण मूळ लेखक परतला की त्याला घर होतं तसं सापडलं पाहिजे. भाडेकरूने भिंतीला खिळा ठोकायचा नाही, तसं. मूळवादी लेखक या भागांचं नाव काढलं की नाक मुरडतो: घडलंच नाही ते! आणि हे म्हणून तो स्वतः जे घडलंच नाही त्याचं ९४ वं प्रकरण लिहायला घेतो. फिलर हे पगारी फॅन फिक्शनच आहे. फरक एवढाच, की स्टुडिओला खिळा ठोकायला बंदी असते आणि हौशी लेखक अख्खी भिंत पाडतो. तेव्हा ‘फिलर मी मानत नाही’ याचा अर्थ बहुधा ‘त्यात माझ्या आवडत्या जोडीला काही मिळालं नाही’ एवढाच असतो. ‘ड्रॅगन बॉल’मधले गोकू आणि पिकोलो मोटार चालवायचा परवाना काढायला जातात तो भाग मांगात कुठेच नाही, शुद्ध भरताड. पण गंभीर चेहऱ्याने चाकामागे बसलेल्या पिकोलोला कॅननबाहेर काढा म्हटलं तर भल्याभल्या मूळवाद्यांचा घसा कोरडा पडतो.

इथे एक रास्त आक्षेप: हे सगळं गमतीचं असेल, पण काही निवडी मजेच्या नसतात, त्यांत गोष्टीचा कणाच बदलतो. खरं आहे, आणि याचा उत्तम नमुना ‘फ्रुट्स बास्केट’चा. २००१ ची मालिका २६ भागांत आटोपली तेव्हा नात्सुकी ताकाया यांचा मांगा चालू होता, आणि त्या मालिकेत घराण्याचा प्रमुख अकितो पुरुष आहे. पुढे मांगात उघड झालं की अकितो ही बाई. तिला जन्मापासून मुलगा म्हणून वाढवलेलं. त्याआधी ज्यांनी अकितोवर लांबलचक कथा लिहून ठेवल्या, त्यांच्या पायाखालची जमीन एका प्रकरणात सरकली. इंग्रजीत सर्वनाम बदललं की निम्मं काम होतं. मराठीत तीच कथा लिहू म्हटलं तर क्रियापदच चहाडी करतं: अकितो आला की आली, रागावला की रागावली? सहाशे वाक्यांत सहाशे शेपट्या दुरुस्त करायच्या. ‘अटॅक ऑन टायटन’मधल्या हांगेचं तर आणखी अवघड. मांगात तिचं-त्याचं लिंग मोघम ठेवलंय, अ‍ॅनिमेत ती सरळ बाई. आपल्याकडे तिसरा पर्यायही आहे म्हणून खूश होऊन ‘हांगे आलं’ लिहावं, तर सेनापतीऐवजी वासरू आल्यासारखं वाटतं. मला वाटतं मराठीत हे लिहू पाहणाऱ्याने हांगेला थेट ‘आपण’ म्हणावं, नाहीतर आदरार्थी बहुवचनात ठेवावं. हांगे आले. मोघमपणही राहतं आणि मानही.

पण कणा बदलतो म्हणून निवड तत्त्वाची होते असं नाही. अकितोला बाई मानणारे आणि न मानणारे यांतही आधी हॉल ठरलेला असतो: कुणाला खलपुरुष हवा असतो, कुणाला वाट चुकवून वाढवलेली मुलगी. ‘सेलर मून’मध्येही बघा. अ‍ॅनिमेतली रेई तडतडी, नायिका उसागीशी उठता-बसता भांडणारी. मांगातली रेई शांत, खानदानी, पुरुषांकडे ढुंकून न बघणारी. संवादांची आतषबाजी करायची असेल तो पहिली घेतो, देवळातली संध्याकाळ लिहायची असेल तो दुसरी. आणि उसागीचा प्रियकर मामोरू? अ‍ॅनिमेत तो कॉलेजात, मांगात शाळेच्या वरच्या वर्गात. नायिका १४ वर्षांची आहे हे ज्याच्या लक्षात आलं, तो लेखक एरवी कितीही अ‍ॅनिमेभक्त असो, या एका मुद्द्यापुरता घाईघाईने मांगाच्या दारात उभा राहतो. मी त्याला दोष देणार नाही.

शेवटचा आक्षेप असा, की हा वाद आता शिळा झाला. हल्लीचे स्टुडिओ थांबतात, मालिका हंगामांत तोडतात, मांगाला धरून चालतात. काही अंशी कबूल. ‘फ्रुट्स बास्केट’ही २०१९ ते २०२१ मध्ये पुन्हा पहिल्यापासून, मांगानुसार आली. पण त्याच २०२१ मध्ये ‘द प्रॉमिस्ड नेव्हरलँड’च्या दुसऱ्या हंगामाने ११ भागांत एक अख्खं मोठं पर्व गाळलं, युगो नावाचा लाडका माणूस जन्मालाच घातला नाही, आणि उरलेल्या कथेतलं बरंच काही शेवटी लग्नाच्या अल्बमसारखं स्थिरचित्रांत उरकलं. आणि समजा उद्या सगळे स्टुडिओ इमानी झाले, तरी ज्यांना हवा तो मुहूर्त दोन्ही पंचांगांत मिळत नाही ते तिसरं छापतात. ‘डोरेमॉन’ घ्या, जो आपल्याकडेही घराघरांत जेवताना लावावा लागतो. मूळ लेखक फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये गेले, मालिकेला शेवट असा नाहीच. २००५ मध्ये जपानात एका हौशी चित्रकाराने तो काढला: डोरेमॉनची बॅटरी संपते, आणि ढ नोबिता त्याला जागं करण्यासाठी शिकून शिकून यंत्रमानवशास्त्रज्ञ होतो. सुमारे १३,००० प्रती खपल्या, २००७ मध्ये प्रकाशकांनी हरकत घेतली, चित्रकाराने माफी मागितली. तरी तो शेवट खराच आहे असं शपथेवर सांगणारी मुलं अजून भेटतात. ना मांगा, ना अ‍ॅनिमे. नोबिताने एकदा तरी अभ्यास केलेला बघायची इच्छा तेवढी खरी.

राहता राहिला सेलिम. भिडस्त लेखक कथेच्या माथ्यावर आधीच सांगून टाकतात: ‘बरंचसं मांगा, थोडं २००३, ह्यूज मेलेला नाही.’ शुद्ध शाकाहारीच्या पाटीसारखी ही सोय बरी आहे, आणि वाचकाशी तेवढा प्रामाणिकपणा असावाच. पण ज्यांना कुठल्याच पक्षाचा रोष नको असतो, त्यांच्यासाठी याहून सुटसुटीत वाट आहे. त्यांनी सेलिमला काही दिवस आजोळी पाठवावं. ब्रॅडलीबाईंचं माहेर कुठे, हे कुणी विचारत नाही. मागे टेबलावर राहिलेला पेला मग एडवर्डपुढे सरकवता येतो. अराकावा होक्काइदोच्या, दूधदुभत्याच्या घरात वाढलेल्या. स्वतःचं चित्र काढायचं तर गाय काढतात. आणि नायक निर्मिला तो दुधाचं नाव काढलं की तोंड वाकडं करणारा. उंचीवरून कितीही टोमणे खाल्ले तरी एडवर्ड तो पेला तोंडाला लावणार नाही. मांगात नाही, २००३ मध्ये नाही, ‘ब्रदरहुड’मध्येही नाही. एवढ्या एका मुद्द्यावर आजवर कुणी कुणाशी भांडलेलं दिसत नाही.